फुटला तरी ‘वाढवला’!

दोडामार्गच्या बाजारपेठेत नवं दुकान उघडलं की उंबऱ्याजवळ एक दगड मांडतात. शेंडीचा नारळ हातात घ्यायचा, मधोमध नेम धरायचा आणि फट्ट! पाण्याची चिळकांडी उडते, पांढऱ्याशुभ्र खोबऱ्याची दोन भकलं हातात येतात आणि सगळे म्हणतात, “नारळ वाढवला!”

फुटलेला नारळ वाढला कसा?

शुभकार्यात फुटणं, तुटणं, संपणं हे शब्द तोंडी यायला नकोत, म्हणून आपल्या माणसांनी नेमका उलट अर्थाचा शब्द पुढे केला. काचेची बांगडी तडकली की आजीसुद्धा ‘वाढवली’ म्हणते. हिंदी बोलणारे दुकानदार रात्री दुकान बंद करताना ‘दुकान बढ़ा दी’ म्हणतात. आणि आपला घरी परतणारा पाहुणा? पाय निघालेले असतात जायला, पण तोंडाने म्हणतो, “येतंय हां!”

‘परवा’ची गंमत वेगळी. “परवा तिलारीचं धरण बघितलं” आणि “परवा धरण बघायला जाऊया.” एकच शब्द, एकदा मागे बघतो, एकदा पुढे. तो फक्त अंतर सांगतो, मधला एक दिवस सोडून. दिशा दाखवायचं काम क्रियापदाचं. म्हणून तर आपला कधी घोटाळा होत नाही.

इंग्रजीतही असं एक क्रियापद आहे, ‘क्लीव्ह’. अर्थ काय? चिरून वेगळं करणं. आणि घट्ट चिकटून राहणं! मला हा शब्द फार आवडतो, कारण इथे कोणी मुद्दाम उलटं बोललेलंच नाही. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हे चक्क दोन निराळे शब्द होते. ‘क्लेओफन’ म्हणजे चिरणं, ‘क्लिफियन’ म्हणजे चिकटणं. बोलता बोलता दोघांचे उच्चार झिजले, जवळ आले आणि शेवटी एकच झाले. चिकटण्याच्या अर्थी बहुधा पुढे ‘टू’ येतो, त्यावरून ओळखायचं. चिरण्याच्या अर्थाने मात्र आपली जुनी रूपं जपली: ‘क्लोव्ह’, ‘क्लेफ्ट’, ‘क्लोवन’. गाईच्या दुभंगलेल्या खुराला ‘क्लोवन हूफ’ म्हणतात.

नावांतही दोघे भेटतात. खाटकाचा जड सुरा तो ‘क्लीव्हर’, आणि आपल्या आघाड्याच्या बियांसारखं कपड्यांना चिकटणारं तिकडचं एक रानटी रोप, त्याचं नाव ‘क्लीव्हर्स’. एक कापणारा, एक चिकटणारं!

आता स्वयंपाकघरात जा आणि लसणाचा गड्डा सोला. सुट्ट्या होणाऱ्या पाकळीला इंग्रजीत ‘क्लोव्ह’ म्हणतात, ती या चिरणाऱ्या क्लीव्हच्याच कुळातली. आणि मसाल्याच्या डब्यातली लवंग? तीही ‘क्लोव्ह’च, पण तिचं कूळ निराळं. तिचं नाव आलं खिळ्याच्या फ्रेंच शब्दावरून. एक लवंग तळहातावर घेऊन बघा: वर गोल डोकं, खाली बारीक दांडी.