पिकअपच्या पोटातली आग

अमेरिकेत फोर्ड कंपनीचा 'सुपर ड्यूटी' नावाचा दणकट पिकअप मिळतो. २०२० सालच्या या गाडीसाठी ७.३ लिटरचं पेट्रोल इंजिन घेता येत होतं, तसंच ६.७ लिटरचं डिझेलही. दोन्हींना आठ-आठ सिलिंडर. पेट्रोलची ताकद ४३० अश्वशक्ती, डिझेलची ४७५. फरक जेमतेम दहा टक्क्यांचा. आता ओढ पाहा, म्हणजे इंजिनाचा दांडा फिरवणारा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात. पेट्रोलची ओढ ६४४ न्यूटन-मीटर, डिझेलची १४२४. दुपटीहून जास्त! आणि हा जोर डिझेल इंजिन मिनिटाला अवघ्या १६०० फेऱ्यांवर देतं; पेट्रोलला आपल्या कमाल जोरासाठी ४००० फेऱ्यांपर्यंत पळावं लागतं.

आकार जवळपास सारखा, ताकद जवळपास सारखी, मग ओढीत एवढी तफावत कुठून येते? मला या कोड्याचं उत्तर फार आवडतं, कारण ते एकाच प्रश्नातून उलगडत जातं: इंधन पेटवायचं कसं?

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचं टोक तापलेलं आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे. हवा दाबली की तापते. सिलिंडरमधली हवा सोळा पटींनी दाबली, तर ती पाचशे अंश सेल्सिअसच्या वर जाते. डिझेलला आपोआप पेट घ्यायला सव्वादोनशे-अडीचशे अंश पुरतात. म्हणून डिझेल इंजिनात आधी निव्वळ हवा घेतात, ती दाबतात आणि नेमक्या क्षणी तीत इंधनाचा फवारा मारतात. ठिणगी नाही, स्पार्क प्लग नाही. फवारा हवेला भेटतो आणि पेटतो. थंडीत सकाळी मदतीला येणारा हीटर प्लग असतो, पण एकदा इंजिन तापलं की त्याचीही गरज उरत नाही.

पेट्रोलचं सारं उलटं. तिथे हवा आणि पेट्रोल सहसा आधीच एकत्र होतात आणि ते मिश्रण दाबलं जातं. त्याने ठिणगीची वाट पाहिली पाहिजे. दाब फार वाढवला, तर मिश्रणाचा काही भाग अवेळी स्वतःच पेटतो आणि इंजिन खटखटतं. हे नॉकिंग पिस्टनसुद्धा फोडू शकतं. त्यामुळे पेट्रोल इंजिनाला सहसा दहा-अकरा पटींच्या आसपास थांबावं लागतं. फोर्डच्या त्या पेट्रोल इंजिनात हा आकडा १०.५ आहे, डिझेलमध्ये सोळाच्या जवळ. पेट्रोल पंपावर वाचतो तो ऑक्टेनचा आकडा हा पेट्रोलच्या संयमाचा आकडा आहे: न पेटता ते किती दाब सोसेल. डिझेलसाठी मोजतात तो सीटेन आकडा, किमान ५१, आणि तो उतावळेपणाचा असतो: किती पटकन पेटेल. एकाचा गुण तो दुसऱ्याचा दोष.

दाब जास्त म्हणजे पेटलेल्या वायूला फैलावायलाही जास्त वाव. तो जितका फैलावतो तितकी उष्णता ढकलण्याच्या कामी येते आणि तितकी कमी धुराड्यातून वाया जाते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याला याच गोष्टीने झपाटलं होतं. त्याने १८९३ मध्ये आउग्सबर्ग इथे पहिलं इंजिन चालवून पाहिलं. १८९७ मध्ये प्राध्यापक मोरित्स श्र्योटर यांनी सुधारित इंजिनाची रीतसर चाचणी घेतली, तेव्हा इंधनातल्या ऊर्जेपैकी २६.२ टक्के कामात उतरत होती. वाफेची इंजिनं तेव्हा याच्या आसपासही नव्हती. पण ते यंत्र माणसाहून उंच होतं आणि इंधन आत फुंकायला त्याला हवेचा वेगळा कॉम्प्रेसर लागायचा. असलं धूड गाडीवर चढणार कसं? इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणारा डिझेल ट्रक १९२४ मध्ये आला. रॉबर्ट बॉशच्या कारखान्यातून फवारणीचे पंप १९२७ पासून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले आणि मग डिझेल रस्त्यावर रुळलं. आजही मेकॅनिक डिझेल गाडीबद्दल बोलताना आधी 'नोझल-पंप' म्हणतो. सगळी करामत तिथेच आहे.

त्या नोझलचं काम जरा डोळ्यांसमोर आणू. मिनिटाला १६०० फेऱ्या म्हणजे दर सिलिंडरमध्ये सेकंदाला तेरा स्फोट. आठ सिलिंडरचे मिळून शंभराहून जास्त. एका स्फोटासाठी फवाऱ्याला मिळणारा वेळ सेकंदाच्या काही हजाराव्या भागाएवढा. तेवढ्यात केसाएवढ्या बारीक भोकांतून, वातावरणाच्या दोन हजार पट दाबाने, इंधन आत जायचं, त्याचं धुकं व्हायचं, त्याची वाफ व्हायची, हवेत मिसळायचं आणि जळायचं. तेही एका दमात नाही: आधी एक इवलासा फवारा, मग मुख्य फवारा. त्या पहिल्या इवल्या फवाऱ्यामुळेच आजची डिझेल गाडी पूर्वीसारखी ठकठकत नाही.

आणि इथेच डिझेलची वेगमर्यादाही ठरते. मिसळायला वेळ लागतो, म्हणून इंजिन फार भरभर पळू शकत नाही. पेट्रोलचं मिश्रण आधीच तयार असतं. त्यात ठिणगीपासून ज्योत पसरत जाते. यातली एक गोष्ट मला अद्भुत वाटते. इंजिन जितकं वेगाने पळेल, तितकी आत शिरणारी हवा जास्त घुसळली जाते, आणि जितकी घुसळण जास्त, तितकी ज्योत वेगाने धावते. आग स्वतःहून इंजिनाच्या वेगाशी वेग जुळवते! ही सोय नसती तर वेगाने पळणारं पेट्रोल इंजिन बनवताच आलं नसतं.

सुरुवातीच्या कोड्यातला एक भाग इथे सुटतो. ताकद म्हणजे ओढ गुणिले फेऱ्या. पेट्रोल ४३० अश्वशक्ती ५५०० फेऱ्यांवर गाठतं, डिझेल ४७५ अश्वशक्ती २६०० वर. एक जण भरभर, हलके हलके ढकलतो. दुसरा सावकाश आणि जोराने. गिअर बदलून पेट्रोल इंजिनही भरलेला पिकअप घाटावर चढवेल, पण त्यासाठी ते सारा घाटभर किंचाळत राहील.

मात्र ही दुप्पट ओढ डिझेल या इंधनाची करणी आहे असं समजू नका. याचा पुरावा आपल्याकडेच आहे. २००५ साली आलेली टाटा एस, म्हणजे आपला 'छोटा हत्ती', ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन घेऊन आली. टर्बो नव्हता आणि ताकद सोळा अश्वशक्तीच्या आसपास होती. पुढे याच गाडीत ६९४ सीसीचं, दोनच सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आलं: तीस अश्वशक्ती, आणि टॉर्कही त्या जुन्या डिझेलपेक्षा जास्त. मधल्या वर्षांत तंत्र सुधारलं हे खरं, पण मुख्य कारण वेगळं आहे. फवारा सिलिंडरमधल्या सगळ्या हवेपर्यंत पोचू शकत नाही. इंधन वाढवत गेलं, तर हवा शिल्लक असतानाच काळा धूर सुरू होतो. म्हणून डिझेलला काही हवा न वापरता सोडावी लागते. पेट्रोल आपल्या वाट्याची हवा पुरेपूर वापरतं.

टर्बो हे गणित फिरवतो. तो धुराड्याकडे निघालेल्या वायूवर पंखा फिरवतो आणि त्या जोरावर जास्तीची हवा सिलिंडरमध्ये कोंबतो. डिझेलला जास्त हवा म्हणजे मेजवानी. आत अजून इंधन नसल्याने अवेळी पेटण्याची भीतीच नाही. पेट्रोलमध्ये तशी हवा कोंबायला गेलं की नॉकिंग आडवं येतं. फोर्डच्या त्या डिझेलला टर्बो आहे, पेट्रोलला नाही. दुपटीच्या ओढीचं रहस्य एवढंच. म्हणून नुसतं 'डिझेल आहे' यावर न जाता टर्बो आहे का, आणि टॉर्क किती फेऱ्यांवर मिळतो, हे विचारावं.

आता अ‍ॅव्हरेजकडे येऊ, कारण आपल्याकडे गाडीबद्दलचा पहिला प्रश्न तोच असतो. डिझेलचं अ‍ॅव्हरेज चांगलं, यात थोडा वाटा लिटरच्या मापाचा आहे. एक लिटर डिझेलचं वजन ८३० ग्रॅमच्या आसपास भरतं, पेट्रोलचं ७४०च्या आसपास. त्यामुळे लिटरमागे ऊर्जाच दहा-बारा टक्के जास्त. उरलेला फायदा मात्र इंजिनाचा. पेट्रोलला हवा आणि इंधनाचं प्रमाण ठरलेलं लागतं, वजनाने साधारण चौदा-पंधरास एक. थोडीच ताकद हवी असेल तर हवाही अडवावी लागते, आणि त्या अडवलेल्या वाटेतून श्वास ओढण्यातच इंजिनाची शक्ती जाते. डिझेल नेहमी पोटभर हवा घेतं. कमी-जास्त होतं ते फक्त इंधन. म्हणून उभ्या गाडीत चालू राहिलेलं डिझेल इंजिन अगदी थोडकं पितं.

पण याच पोटभर हवेची किंमत धुराड्याशी मोजावी लागते. पेट्रोलचा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्या ठरलेल्या प्रमाणावरच चालतो. डिझेलच्या धुरात प्राणवायू शिल्लक असतो, त्यामुळे नायट्रोजनची ऑक्साइडं त्या साध्या उपायाने जात नाहीत, आणि फवाऱ्याच्या गाभ्यात अर्धवट जळालेल्या इंधनाची काजळी होते ती वेगळीच. १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि डिझेलमागे गाळणी आली, जिला डीपीएफ म्हणतात. अनेक गाड्यांत युरियाच्या द्रावणाची टाकीही आली. (हा युरिया शेतातल्या पोत्यातला नव्हे. तो पाण्यात कालवून ओतला तर हजारोंची यंत्रणा निकामी होईल.) गाळणीत साठलेली काजळी सहाशे अंशांच्या आसपास जाळून टाकावी लागते आणि तेवढी उष्णता यायला गाडी सलग, जरा वेगात चालावी लागते. दिवसभर गल्लीबोळात, पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या मारणाऱ्या पिकअपची गाळणी तुंबत जाते. आज निवडीत मला सर्वांत निर्णायक वाटतो तो हाच मुद्दा, आणि गाडी घेताना तो क्वचितच कुणी विचारात घेतं.

शिवाय एवढा दाब सोसणारं इंजिन जड आणि महाग असतं. अमेरिकेत त्या फोर्डला डिझेल इंजिन बसवून घ्यायचं तर सुमारे दहा हजार डॉलर जास्त लागत, आणि तिथे डिझेल सहसा पेट्रोलपेक्षा महागच मिळतं. आपल्याकडे डिझेल अजून स्वस्त आहे, पण ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने त्याच्या दरावरचं नियंत्रण सोडल्यावर पूर्वीची मोठी तफावत राहिली नाही. हिशेब असा करावा: समजा डिझेल गाडी एक लाखाने महाग आहे आणि किलोमीटरमागे दोन रुपये वाचवते. म्हणजे पैसे वसूल व्हायला पन्नास हजार किलोमीटर हवेत. रोज चाळीस किलोमीटर, वर्षाला तीनशे दिवस चाललात तर चार वर्षं उलटतील. रोज दोनशे चाललात तर दहा महिन्यांत काम झालं.

म्हणून माझा कौल असा. नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून रात्री वाशीच्या बाजारात जाणाऱ्याने डोळे झाकून टर्बो डिझेल घ्यावं. दीड टनाच्या आसपास माल उचलणाऱ्या पिकअपांत आपल्याकडे त्याचंच राज्य आहे ते उगाच नाही. पुण्याच्या मार्केट यार्डातून शहरातल्या दुकानांना माल पोचवणाऱ्याने, रोजचे किलोमीटर कमी आणि थांबे जास्त असतील तर, पेट्रोल घ्यावं. सीएनजीही याच घराण्यातला, तोही ठिणगीवरच चालतो. पंप जवळ असेल तर त्याचाही विचार करावा. शोरूममध्ये जाण्यापूर्वी एक आठवडा वहीत लिहून ठेवा: रोज किती किलोमीटर, किती वजन, किती थांबे, आणि सलग अर्धा तास गाडी कधी पळाली. ती वही विक्रेत्यासमोर उघडा आणि पहिला प्रश्न डीपीएफचा विचारा.