खर्ड्याची फैर टेबलावर

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे सगळे लढण्याच्या पवित्र्यात असतात. कुणी तलवार उगारलेली, कुणी भाला रोखलेला. बंदूक ठासणारा त्यांत एकही सापडत नाही. किल्ल्यावर ते खपून जातं. अठराव्या शतकातली कवायती पलटण टेबलावर मांडायची म्हटली, की मात्र तिथेच घोडं अडतं. त्या पलटणीतले बहुतेक शिपाई गोळी झाडत नसत, बंदूक भरत असत.

चिमुकले सैनिक मांडून जुन्या लढाया खेळण्याचा हा छंद युरोपातला. प्रशियाच्या फॉन राइसविट्झने १८२४ मध्ये युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणात आणला, एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ लिहून तो घरातल्या फरशीवर उतरवला. हल्ली २८ मिलिमीटर उंचीचे, हाताने रंगवलेले सैनिक अनेकांच्या पसंतीचे आहेत.

बीडकराला लढाई शोधायला लांब जायला नको. गेवराई तालुक्यातलं राक्षसभुवन शनीच्या देवळासाठी सगळ्यांना ठाऊक. १० ऑगस्ट १७६३ रोजी तिथे गोदाकाठी थोरले माधवराव आणि राघोबादादा यांनी निजामाच्या फौजेची पिछाडी गाठली. बरंचसं सैन्य नदीपार झालं होतं, अलीकडे राहिलेला दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. ती मांडणी नदीची आणि घोड्यांची. फैरींची कसोटी लागते ती जिल्ह्याच्या सीमेलगतच्या खर्ड्याला, ११ मार्च १७९५ च्या लढाईत. निजामाकडे रेमाँ, शिंद्यांकडे पेराँ. दोघेही फ्रेंच सेनानी, पण पलटणींतले शिपाई इथलेच.

चकमकीची बंदूक भरायची म्हणजे काडतूस दातांनी फाडायचं, बंदुकीच्या कानात चिमूटभर दारू घालायची, उरलेली नळीत ओतून वर गोळी टाकायची आणि गजाने ठासायची. तरबेज शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी. शंभर पावलांपलीकडे नेमका माणूस टिपणं नशिबावर. म्हणून पलटणीचे भाग पाडून आळीपाळीने फैरी झाडत. एक तुकडी झाडतेय तोवर दुसरी भरून तयार. टेबलावर हे दाखवायचं तर सगळ्यांचे नेम धरलेले चालणार नाहीत. एका तुकडीच्या तोंडाशी कापसाचा धूर (कापूस बीडला उसना आणावा लागत नाही), शेजारच्या तुकडीच्या हातात गज, त्यापुढची बंदुका उभ्या धरून हुकमाची वाट पाहणारी.

खरी पंचाईत मोजमापाची. सहाशेची पलटण तीन रांगांत उभी केली तर रांगेत दोनशे माणसं. खांद्याला खांदा लावून उभ्या माणसाला ५५ सेंटिमीटर धरले, तर रुंदी ११० मीटर आणि खोली जेमतेम चार. वीस माणसांमागे एक बाहुली घेतली तर बाहुल्या तीस, म्हणजे दहा-दहाच्या तीन रांगा. प्रत्येकीला दोन सेंटिमीटरची बैठक दिली, की पलटण वीस सेंटिमीटर रुंद होते आणि सहा सेंटिमीटर खोल. या प्रमाणात सहा सेंटिमीटर म्हणजे ३३ मीटर! पातळ रांगेचा ठोकळा झाला. त्यामुळे कित्येक जण तीनाऐवजी दोनच रांगा मांडतात. माझं मतही तेच. बाहुल्यांची गणती थोडी चुकली तरी चालेल, रांग पातळ दिसली पाहिजे. बंदुकीचा शंभर मीटरचा पल्ला इथे अठरा सेंटिमीटर, मोठ्या माणसाच्या वितीपेक्षाही कमी. एवढ्या अंतरावरून समोरासमोर उभं राहून गोळ्या खायच्या, हे टेबलावर पाहिल्याशिवाय पटत नाही.

आणखी एक गोष्ट रंगवणाऱ्याने विसरू नये. निजामाच्या फौजेत खर्ड्याला बायकांची जफर पलटणही होती. त्यांच्या हातीही बंदुका होत्या.

रेमाँच्या पलटणी पेराँच्या पलटणींना भिडल्या होत्या, पण निजामाने माघारीचा हुकूम दिला आणि खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घेतला. तेव्हा रेमाँची माणसं पळताना मांडू नका. त्यांना रांगेतच मागे वळवा. आणि त्याआधी एकदा खर्ड्याला जाऊन माळावर शंभर पावलं मोजून या.