थोरलीनं सांभाळलेलं घर

१९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि भिलाईच्या माळावर पोलादाचा कारखाना उभा राहू लागला. कारखान्याला लागणारा चुनखडीचा दगड अहिवाऱ्याजवळच्या नंदिनीच्या खाणीतून येऊ लागला. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं तिथं कामाला गेली. त्यांत मराठी कुटुंबंही होती. ट्रंका, वळकट्या, देव्हाऱ्यातले देव आणि पाच-सहा मुलं घेऊन माणसं परक्या मुलखात उतरली. तिथं ना आजोळ जवळ, ना काका-मामा. मुलांना होती ती फक्त एकमेकांची सोबत.

पोटासाठी गाव सोडलेल्या अशा घरांत एक गोष्ट हमखास घडते. थोरल्या भावंडाचं बालपण लवकर संपतं. धाकट्यांना कडेवर घेता घेता, त्यांचे केस विंचरता विंचरता ते कधी मोठं होतं, हे त्याचं त्यालाही कळत नाही. आणि घरावर एखादा घाला पडला, तर हेच पोर एका रात्रीत घरातलं कर्तं माणूस होतं.

महाराष्ट्रानं असं एक घर फार जवळून पाहिलं आहे. ते म्हणजे मंगेशकरांचं.

गावोगावचं बिऱ्हाड

मास्टर दीनानाथ मूळचे गोव्यातल्या मंगेशीचे. १९१८ साली त्यांनी चिंतामणराव कोल्हटकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर बलवंत संगीत मंडळी काढली. नाटक कंपनीचा संसार म्हणजे फिरतं बिऱ्हाड. आज या गावी मुक्काम, उद्या त्या. पत्नी शेवंती, म्हणजे मुलांची माई, खानदेशातल्या तापीकाठच्या थाळनेरची. माहेर गुजराती, सासर गोव्याचं. त्यामुळे या घरात कोकणी-मराठी वळणाच्या जोडीला गुजराती गाणीही होती. पावागडचे गरबे आपण आजीकडून शिकलो, असं लताबाई पुढे सांगत.

थोरल्या लताचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ चा, इंदूरचा. तिचं नाव आधी हेमा होतं. वडिलांच्या 'भावबंधन' नाटकातल्या लतिकेवरून ते लता झालं. तिच्यामागून १९३१ साली मीना, १९३३ साली आशा, १९३५ साली उषा आणि १९३७ साली हृदयनाथ. चार बहिणींच्या पाठीवरचा हा भाऊ सगळ्यांचा 'बाळ' झाला.

मुलांचं लहानपण सांगलीत गेलं. घरात शिष्य येत, तालमी चालत, तंबोरे जुळत. एकदा दीनानाथ एका शिष्याला शिकवण देऊन बाहेर गेले. तो एकटाच गात बसला होता. त्याची जागा चुकते आहे, हे चिमुरड्या लताच्या लक्षात आलं. ती सरळ त्याच्यापुढे जाऊन ती जागा गाऊन दाखवू लागली. परत आलेल्या वडिलांनी ते ऐकलं आणि माईला म्हणाले, की आपल्या घरातच गाणारी आहे, हे आपल्याला कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून लेकीची तालीम सुरू झाली.

शाळा सुटली ती कायमची

लताबाई आपल्या शाळेची गोष्ट नेहमी सांगत. शाळेत जाताना त्या धाकट्या आशाला बरोबर घेऊन गेल्या. ती त्यांना एवढी चिकटलेली, की तिला घरी ठेवणं जमेना. इतक्या लहान मुलीला वर्गात आणायचं नाही, असं शिक्षकांनी बजावलं. झालं! थोरली रागानं बहिणीला घेऊन घरी आली आणि पुन्हा शाळेची पायरी चढली नाही.

आज ही गोष्ट ऐकताना हसू येतं. पण त्या एवढ्याशा मुलीनं शाळा आणि बहीण यांतून बहीण निवडली होती. पुढच्या आयुष्यात तिला अशीच निवड पुन्हा पुन्हा करावी लागणार होती.

काळ फिरला. बोलपट आले आणि नाटक कंपन्यांचे दिवस सरले. दीनानाथांनी चित्रपट काढून पाहिले. पण आधीचं वैभव परतलं नाही. बिऱ्हाड पुण्यात आलं. २४ एप्रिल १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी मास्टर दीनानाथ गेले.

त्या दिवशी लता बारा वर्षं सात महिन्यांची होती. मीना दहा वर्षांची, आशा आठ, उषा सहा आणि बाळ चार वर्षांचा.

चेहऱ्याला रंग, डोळ्यांत पाणी

दीनानाथांचे स्नेही मास्टर विनायक मदतीला धावले. त्याच वर्षी 'पहिली मंगळागौर' या चित्रपटात लताला छोटं काम मिळालं. चेहऱ्याला रंग फासून झगझगीत दिव्यांपुढे उभं राहायचं, सांगतील तेव्हा हसायचं, सांगतील तेव्हा रडायचं. तिला ते मुळीच आवडत नसे. पण पगार घरी आणायचा होता. आवडनिवड बाजूला ठेवून ती जात राहिली.

मास्टर विनायकांच्या कंपनीबरोबर कुटुंब कोल्हापूरला आलं. तिथंच १९४३ च्या 'माझं बाळ'साठी दहा वर्षांच्या आशानं आपलं पहिलं चित्रपटगीत गायलं. १९४५ साली बिऱ्हाड मुंबईला हललं. दोन वर्षांनी मास्टर विनायकही गेले आणि घराचा उरलासुरला आधार तुटला. लोकलनं, पायी, एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत, अशी थोरलीची वणवण सुरू झाली. १९४९ साली 'महल' आला आणि सारा देश विचारू लागला, हा आवाज कोणाचा?

हे यश एकटीचं दिसतं. पण त्याच्यामागे एक दाटीवाटीचं घर होतं. माई स्वयंपाकघर सांभाळत होती. दीदी रेकॉर्डिंगहून येईपर्यंत धाकटी वाट पाहत होती. वडिलांच्या बंदिशींच्या वह्या जपून ठेवलेल्या होत्या. दारिद्र्यातही घरातली तालीम बंद पडली नाही, ही या भावंडांची खरी पुंजी.

रुसवा आणि बंद दार

मोठ्या कुटुंबात सगळंच गोड असतं असं नाही. १९४९ साली सोळा वर्षांच्या आशानं घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं. ज्या बहिणीसाठी शाळा सोडली, तीच घर सोडून गेली! थोरलीच्या मनाला ते फार लागलं. काही काळ बोलणंही तुटलं.

दोघींच्या बाजू समजून घ्याव्यात अशाच आहेत. एकीच्या खांद्यावर सगळ्या घराचा भार होता. दुसरीला आपलं आयुष्य आपल्या मनानं जगायचं होतं. कितीतरी घरांत असा प्रसंग येतो. कोणी चूक नसतं, तरी दार बंद होतं.

पण आशाचा संसार सुखाचा झाला नाही, तेव्हा १९६० साली ती मुलांना घेऊन माहेरी आली. माहेरचं दार उघडलं. पुढे पेडर रोडवरच्या 'प्रभुकुंज'मध्ये ही भावंडं शेजारी शेजारी राहिली. दोघी बहिणींच्या घरांमध्ये एक दार होतं. बाहेर वर्तमानपत्रं दोघींच्या चढाओढीच्या कहाण्या रंगवत होती आणि आत त्या दारातून येणं-जाणं सुरू होतं. दोघींना एकमेकींचं गाणं नेमकं कळत होतं, कारण दोघींचा पहिला गुरू एकच होता. 'उत्सव' (१९८४) मध्ये त्यांनी एकत्र गायलेलं गाणं ऐकताना हे जाणवतं. एक आवाज पुढे होतो, तेव्हा दुसरा आपोआप वाट देतो.

प्रत्येकाचा वाटा वेगळा

वडाच्या झाडाखाली दुसरं झाड वाढत नाही म्हणतात. या घरानं ते खोटं ठरवलं. मीनाताईंनी संगीतकार म्हणून वेगळी वाट धरली. त्यांची बालगीतं मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या गायली गेली. थोरल्या बहिणीच्या आठवणींचं 'मोठी तिची सावली' हे पुस्तकही त्यांनीच लिहिलं. उषाताईंचा आवाज 'पिंजरा' (१९७२) आणि 'जय संतोषी माँ' (१९७५) मधून गावागावांत पोहोचला. सगळ्यांत धाकटा बाळ संगीतकार झाला आणि मग थोरल्या बहिणी भावाच्या हाताखाली विद्यार्थिनीसारख्या गाऊ लागल्या.

१९७७ चा 'जैत रे जैत' आठवावा. निर्मिती उषाताईंची, संगीत हृदयनाथांचं आणि आवाज लताबाई व आशाबाई दोघींचा. एकाच घरातल्या चौघांनी मिळून डोंगरातल्या ठाकरांची गोष्ट पडद्यावर आणली. त्याआधी १९७४ साली, शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हा, बहीण-भावाचा 'शिवकल्याण राजा' आला. आणि 'लेकिन'साठी तर दोघांना एकाच वर्षी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, तिला गायनाचा आणि त्याला संगीताचा. चार वर्षांच्या ज्या भावाचा सांभाळ करायचा म्हणून तिनं चेहऱ्याला रंग लावला होता, त्याच भावानं तिच्या गळ्यासाठी चाल बांधावी, याहून मोठी भाऊबीज ती कोणती?

२००१ साली लताबाईंना भारतरत्न मिळालं. त्याच वर्षी पुण्यात, जिथं वडिलांनी शेवटचा श्वास घेतला त्या शहरात, त्यांच्या नावाचं रुग्णालय उभं राहिलं. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी थोरली गेली. लोकांच्या दृष्टीनं एक स्वर हरपला. धाकट्यांच्या दृष्टीनं मात्र दुसऱ्यांदा वडील गेले.

प्रत्येक घरात भारतरत्न नसतं. पण प्रत्येक घरात एक थोरली किंवा थोरला असतोच. स्वतःची शाळा सोडून भावाची फी भरणारा, बहिणीच्या लग्नासाठी आपलं लग्न लांबवणारा. भिलाईच्या क्वार्टरमध्ये असो, की खेड्यातल्या माजघरात, तो आपल्या त्यागाबद्दल बोलत नाही. म्हणून धाकट्यांनीच ते लक्षात ठेवायचं असतं. यंदाच्या भाऊबिजेला ओवाळणी घालताना किंवा घेताना एकदा त्याला विचारून पाहावं, "तुला तेव्हा काय व्हायचं होतं?"

हा प्रश्न त्याला आजवर कदाचित कोणी विचारलाच नसेल.