‘कोसला’ : एका प्रतीकाची उकल

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीचा विचार बहुधा नायकाच्या परात्मतेच्या अंगाने केला जातो. कामूची ‘द आउटसायडर’ (१९४२) किंवा सॅलिंजरची ‘द कॅचर इन द राय’ (१९५१) यांच्याशी तुलनाही त्याच अनुषंगाने येते. ही तुलना गैर नव्हे. परंतु तिच्या भरात शीर्षकातील प्रतीक केवळ ‘कोंडलेपण’ या एका अर्थापुरते उरते. त्या प्रतीकाची मूळ वस्तू कोणती, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

कोसला म्हणजे रेशीमकिड्याचा कोश. जबलपूरजवळील बरगीसारख्या ठिकाणी हा शब्द उच्चारला, तर ऐकणाऱ्याला ‘महाकोशल’ आठवेल. पण हे नुसते ध्वनिसाम्य. अर्थाच्या दृष्टीने जवळचा शब्द आहे ‘कोसा’. मध्य भारतात आणि पूर्व विदर्भात तसर रेशमाला हेच नाव आहे. ऐन, अर्जुन या झाडांवर वाढणारी ही अळी आपल्याच लाळेच्या धाग्याने स्वतःभोवती कोश विणते, आणि तो कोश चिवट देठाने फांदीला बांधलेला असतो. पतंग कोश भेदून बाहेर पडला, की त्यातून सलग धागा उकलता येत नाही. सलग धागा हवा असेल, तर आतला जीव उष्णतेने आधीच मारावा लागतो.

या तिन्ही गोष्टी कादंबरीत सार्थ होतात. पांडुरंग सांगवीकराचे कवच त्याचे स्वतःचे आहे. ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ या शब्दांची त्याची लकब हा त्या कवचाचाच धागा होय. प्रत्येक विधानातून अंग काढून घेण्याची ती युक्ती आहे. दुसरे असे, की हा कोश अधांतरी नाही. वडिलांचा पैसा, त्यांचा धाक, शेती आणि गाव यांच्या फांदीला तो बांधलेला आहे. पुण्यातील शिक्षण फसल्यावर पांडुरंग सांगवीलाच परततो. कामूच्या मरसोला अशी परतीची वाट नाही.

धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते, तेथे ही लकब अपुरी पडते. सॅलिंजरच्या होल्डनलाही भावाचा मृत्यू विसरता येत नाही. पण मनीच्या मृत्यूमागे त्या घरातील मुलीच्या जिण्याचे मोल काय, हा प्रश्न उभा राहतो. पांडुरंगाचा रोष म्हणून केवळ अस्तित्वविषयक न राहता घराच्या रचनेवर येतो. अजिंठ्याच्या प्रकरणात हेच दुःख बुद्धाच्या सान्निध्यात व्यापक होते, परंतु शमत नाही.

तिसरा मुद्दा निवेदनाचा. रोजनिशी, इतिहासलेखनाचे विडंबन अशी रूपे बदलूनही पंचविशीतील पांडुरंगाचा स्वर अखंड राहतो. कोशाच्या न्यायाने पाहता या अखंडतेची किंमत भारी आहे : धागा सलग हाती येतो, कारण पतंग बाहेर पडलेला नाही. पांडुरंगाचे गावी स्थिरावणे म्हणजे समजूतदार स्वीकार की आतल्या आत विझणे, याचा निर्वाळा लेखक देत नाही.

सुधाकर मराठे यांच्या इंग्रजी अनुवादाचे (१९९७) शीर्षक ‘ककून’ आहे. शब्दार्थ अचूक आहे. मात्र मराठीबाहेरील अभ्यासकाने त्यासोबत झाड, देठ आणि उकळते पाणी यांचेही स्मरण ठेवावे. त्यांवाचून हे प्रतीक आश्रयाचे तेवढे उरेल. आश्रयातच दडलेल्या मरणाचे उरणार नाही.