हलक्या धनुष्याला कडक बाण

नव्याने तिरंदाजी शिकणाऱ्या मुलामुलींच्या हातात बहुतेकदा १८ ते २४ पौंडांचं लाकडी टेक-डाउन रिकर्व्ह असतं. भात्यात मात्र अनेकदा ५०० स्पाइनचे काळे कार्बन बाण दिसतात. ते सहज मिळतात, दिसायलाही झकास असतात. धनुष्य बरोबर आणि बाण चुकीचा, अशी ही जोडी सगळीकडे आढळते. बाण डावीकडे जात राहतात आणि दोष जातो मुलाच्या 'रिलीज'वर, म्हणजे दोरी सोडण्यावर. या चुकीमागे काही पक्के गैरसमज आहेत.

सगळ्यांच्या मुळाशी असलेला गैरसमज असा, की चांगला बाण सुटताना वाकत नाही. रिकर्व्हचा बाण वाकतोच, आणि वाकायलाच हवा. तीन बोटांवरून दोरी सुटते तेव्हा ती सरळ पुढे न जाता बोटांना वळसा घालून थोडी बाजूला सरकते. मागून रेटा, पुढे टोकाचं वजन आणि बाजूने हा धक्का, यांमुळे बाण आधी धनुष्याच्या अंगाला वाकतो, मग उलट बाजूला, आणि असा लवत लवत मुठीला वळसा घालून निघून जातो. क्लॅरेन्स हिकमन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात अतिवेगवान छायाचित्रणाने हे टिपलं. बाण ठरावीक प्रमाणात वाकला तर त्याची शेपूट धनुष्याला न शिवता जाते. कमी वाकला, तर रायझरला, म्हणजे धनुष्याच्या मुठीच्या मधल्या भागाला घासते. हे किती वाकणं धनुष्याच्या जोराला साजेसं आहे, एवढाच स्पाइनचा प्रश्न.

'आकडा मोठा म्हणजे बाण दणकट'

नेमकं उलटं. शाफ्ट २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर आडवा ठेवायचा, मधोमध ८८० ग्रॅमचं वजन टांगायचं आणि तो किती खाली लवला ते इंचाच्या हजारांशात मोजायचं. अर्धा इंच लवला तर ५००, पूर्ण इंच लवला तर १०००. म्हणजे १००० चा बाण ५०० च्या दुप्पट लवतो. आकडा जितका मोठा, बाण तितका नरम.

अॅल्युमिनियमच्या बाणांवर घोटाळा आणखी वाढतो. त्यांवरचा १७१६ हा स्पाइन नव्हे. पहिले दोन अंक जाडीचे, १७/६४ इंच. पुढचे दोन नळीच्या भिंतीचे, ०.०१६ इंच. या बाणाचा स्पाइन निघतो साधारण ८८०. लाकडी बाणांची रीत तिसरीच: तिथे स्पाइन पौंडांत सांगतात आणि आकडा वाढला की बाण खरोखरच कडक होतो. दुकानात नुसता आकडा सांगून बाण मागण्यापूर्वी तो कुठल्या पद्धतीचा आहे हे विचारलेलं बरं.

'हलक्या धनुष्याला काय, कुठलाही बाण चालतो'

हा गैरसमज सर्वांत महाग पडतो, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. जोर कमी म्हणजे चुकाही कमी, असं मनात येतं. प्रत्यक्षात वीस पौंडांच्या धनुष्यात कडक बाणाला वाकवण्याएवढा रेटाच नसतो. बाण काठीसारखा ताठ निघतो, शेपूट रायझरला लागते आणि उजव्या हाताच्या तिरंदाजाचा बाण डावीकडे जातो. त्यातून बाण संथ, त्यामुळे बिघडलेलं उड्डाण डोळ्यांना स्पष्ट दिसतं. अशा धनुष्याला २८ इंची बाण असेल तर शोध साधारण ९०० ते ११०० च्या आसपास सुरू करावा. बाण आखूड असेल तर त्याहूनही नरम. ५०० चा प्रश्नच येत नाही.

मग ५०० येतो कुठून? बऱ्याचदा कंपाउंडकडून. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत अदिती स्वामी आणि ओजस देवतळे या साताऱ्यात घडलेल्या दोघांनी वैयक्तिक सुवर्णपदकं मिळवली. तेव्हा महाराष्ट्रातल्या घराघरांत जे धनुष्य दिसलं ते कंपाउंड होतं. त्याची दोरी बोटांनी नव्हे, यांत्रिक रिलीजने सुटते. बाजूचा धक्का जवळजवळ नसतो आणि जोर पन्नास-साठ पौंडांपर्यंत असतो. त्या खेळाचा बाण निवडण्याचा तक्ता या खेळाला लावणं चूकच. टोकियो ऑलिम्पिकमध्ये उतरलेला फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव रिकर्व्हचा. पण त्याचेही बाण डोळे झाकून घेऊ नयेत, कारण त्या पातळीवरच्या धनुष्याचं पौंडेज शिकाऊ धनुष्याच्या दुपटीच्या घरात असतं.

'लिम्बवर २४ लिहिलंय, म्हणजे माझं २४'

लिम्बवरचा, म्हणजे धनुष्याच्या पात्यावरचा तो आकडा २८ इंच ओढीला मोजलेला असतो. बारा वर्षांची मुलगी तेवढी ओढ घेत नाही. तिची ओढ २५ इंच असेल, तर दर इंचाला साधारण दीड-दोन पौंड कमी धरून तिच्या बोटांवर १८ ते २० पौंडच येतात. उलट, उंच, लांब हातांचा मुलगा तेच धनुष्य तीस इंच ओढतो आणि २७-२८ पौंडांवर जातो. दोघांना एकच बाण देणारा प्रशिक्षक दोघांपैकी एकावर अन्याय करतोच. अंदाज बांधत बसण्यापेक्षा बो-स्केल लावावा. क्लबात एक असला तरी सगळ्यांना पुरतो, आणि तो नसलेला क्लब मला तरी समजत नाही.

'बाण हाताएवढाच कापून घ्या'

इथे घाई नको. बाण जितका लांब तितका तो नरम वागतो. साध्या तुळईच्या हिशेबाने लवणं लांबीच्या घनाने बदलतं, म्हणजे अठ्ठावीसचा सत्तावीस केला तर लवचीकपणा सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. कापलेला इंच परत जोडता येत नाही. शिकाऊ मुलांच्या बाबतीत तर लांबी हा सुरक्षेचा भाग आहे. ओढ अजून पक्की झालेली नसते, एखाद्या दिवशी मूल उत्साहाने जास्त ओढतं आणि आखूड बाणाचं टोक बाण टेकवायच्या रेस्टवरून मागे येऊन पडतं. त्या क्षणी दोरी सुटली तर बाण धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो. म्हणून पूर्ण ओढीनंतरही बाण रेस्टच्या दोनेक इंच पुढे राहावा आणि स्पाइन त्या जास्तीच्या लांबीसह ठरवावा.

टोकाचं वजनही याच हिशेबात येतं. जड पॉइंट लावला की बाण नरम वागतो, हलका लावला की कडक. पण ही बारीक दुरुस्ती आहे. वीस-पंचवीस ग्रेन वाढवून ५०० चा बाण १००० सारखा वागेल ही आशा सोडावी. बाणाला बाजूने टेकू देणाऱ्या प्लंजरच्या स्प्रिंगचंही तेच. अनेक लाकडी धनुष्यांवर तर तो नसतोच. बाण चिकटपट्टीच्या रेस्टवर मध्यरेषेच्या थोडा बाहेर बसतो आणि त्याला अधिकच वळसा घ्यावा लागतो. इंडियन राऊंड या देशी प्रकारातल्या बांबूच्या धनुष्यात हा वळसा आणखी मोठा.

मोठी पिसं लावण्याचा सल्लाही ऐकू येतो. पिसं बाणाला हवेत सावरतात हे खरं, पण ती काम सुरू करतात तोवर शेपूट रायझरला लागून गेलेली असते. दोष झाकला जातो, जात नाही.

'बाण डावीकडे जातो, म्हणजे कडकच'

नेहमी नाही. साइट चुकली असेल, हात ओढला गेला असेल, रिलीज बिघडली असेल, तरी बाण डावीकडेच जातो. म्हणून पिसं नसलेल्या बाणाची परीक्षा घेतात. अठरा मीटरवर पिसांच्या बाणांचा गुच्छ पाडायचा, मग त्याच शाफ्टचे बिनपिसांचे दोन-तीन बाण सोडायचे. उजव्या हाताच्या तिरंदाजाचे ते गुच्छाच्या डावीकडे पडले तर बाण कडक, उजवीकडे पडले तर नरम. डावखुऱ्याचं सगळं उलट. अट एकच: पिसांचा गुच्छ तेवढा घट्ट हवा. थाळीभर पसरलेल्या बाणांवरून स्पाइन ठरवणं व्यर्थ आहे. आणखी एक चकवा असा, की फारच कडक बाण रायझरवर आपटून उजवीकडे उसळतो आणि नरम असल्याचं भासवतो. रायझरवर खरचटल्याचे डाग किंवा पिसांवर घासल्याच्या खुणा आधी पाहाव्यात.

नरम बाण फुटतो, म्हणून कडकच सुरक्षित, असंही सांगितलं जातं. जबर पौंडेजच्या धनुष्यावर फार नरम कार्बन बाण खरोखर धोक्याचा असतो. वीस पौंडांवर थोडा नरम बाण ही त्या जातीची गोष्ट नाही. तिथे जास्त काळजी हवी ती आधीच तडा गेलेल्या कार्बन शाफ्टची. प्रत्येक बाण सोडण्यापूर्वी हातांनी हलका वाकवून, कान देऊन तपासावा.

उरतो प्रश्न, विकत काय घ्यायचं. मूल वाढत असतं, सहा महिन्यांत ओढ बदलते, लिम्ब १८ वरून २२ वर जातात आणि बाणाचं गणित पुन्हा मांडावं लागतं. म्हणून पहिला डझनभर संच महागडा घेऊ नये. १७१६ किंवा त्याहून नरम १६१६ चे अॅल्युमिनियमचे सहा बाण, न कापता, एवढे पुरे. वाकले तर सरळ करता येतात, मूल मोठं झालं की क्लबातल्या पुढच्या शिकाऊला देता येतात. कार्बनचा विचार लिम्ब बदलणं थांबल्यावर करावा, आणि तेव्हाही आधी मोजकेच बाण आणून बिनपिसांची परीक्षा घ्यावी, मग उरलेले मागवावेत.