नाशिक ढोल, मुक्काम केरळ

केरळात चर्चचा सण असो की निवडणुकीतला विजय, मिरवणुकीत ‘नासिक ढोल’ हमखास सापडतो. चेंडा हे घरचं तालवाद्य असताना मल्याळी पोरांच्या गळ्यात आपला ढोल! मंगळुरूकडे त्यालाच ‘नासिक बँड’ म्हणतात. आपल्याकडे ढोलाच्या एका तोंडावर टिपरू पडतं, दुसऱ्यावर हाताची थाप, आणि वरून ताशा कडकडतो. अंगात येणारा ठेका, म्हणूनच बहुधा तो एवढा लांब पोचला.

अमेरिकन गायक जेम्स ब्राऊनच्या ‘फंकी ड्रमर’ या १९७० सालच्या गाण्यातला ड्रमवादक क्लाइड स्टबलफील्डचा ठेकाही असाच शेकडो हिप-हॉप गाण्यांत उचलला गेला. ठेका जगभर गाजला, वादकाचं नाव मागे राहिलं. नाशिकचं निदान नाव तरी लागलं. रॉयल्टीचं म्हणाल, तर दोघांनाही ठणठणगोपाळ.