आवाज वाढवण्याआधी सेटिंग तपासा, मग कान

घरी चित्रपट लावला की बऱ्याच कुटुंबांत एक वाद ठरलेला असतो. आजोबा म्हणतात, ‘काय बोलतायत ते कळत नाही, आवाज वाढव.’ वाढवला की पुढच्याच मिनिटाला मारामारी किंवा गाणे सुरू होते आणि स्वयंपाकघरातून ओरड येते, ‘अरे, कमी करा तो!’ अशा ज्येष्ठांना रुग्णालयात घेऊन येणारे नातेवाईक ‘यांना ऐकू कमी येतं’ एवढेच सांगतात. अनेकदा ते खरेही असते. पण घरात संगणक किंवा लॅपटॉप होम थिएटरला जोडून चित्रपट पाहिले जात असतील, तर दोष कानाचा की जोडणीचा, हे आधी पाहायला हवे.

संवाद कुठून येतो?

‘५.१’ म्हणजे सहा वेगवेगळे आवाज, अर्थात सहा चॅनेल. समोर डावा, मधला आणि उजवा, मागे किंवा बाजूला दोन आणि धीरगंभीर आवाजासाठी सबवूफर. डॉल्बीचा ५.१ डिजिटल आवाज चित्रपटगृहात १९९२ साली ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर आला. आज तो घरोघरी पोहोचला आहे. यात पात्रांचे बोलणे मुख्यतः मधल्या स्पीकरला दिलेले असते.

नेमकी गडबड इथेच होते. घरात स्पीकर दोनच असतात आणि संगणकाला मात्र सहा असल्याचे सांगितलेले असते. मग मधल्या चॅनेलचा आवाज नसलेल्या स्पीकरकडे जातो. संगीत आणि स्फोट दणदणीत, संवाद मात्र दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा! उलट प्रकारही दिसतो. घरात सहा स्पीकर मांडलेले, पण संगणक ‘स्टिरिओ’वर. मग सगळा आवाज समोरच्या दोनच स्पीकरमधून येतो आणि बाकीचे शोभेपुरते उरतात.

कानाला वेगळेपण हवे

लग्नाच्या पंगतीत इतका गलका असूनही शेजारच्याचे बोलणे आपल्याला कळते. ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉलिन चेरी यांनी १९५३ साली या क्षमतेवर प्रयोग केले. बाजूने आलेला आवाज दूरच्या कानात जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ओळखतो आणि हवा तो आवाज निवडतो. संवाद समोरून आणि गोंगाट बाजूने आला, तर बोलणे समजायला सोपे जाते. सराउंड आवाजाचा हा फायदा करमणुकीपलीकडचा आहे.

वय वाढते तसे आतल्या कानातील संवेदनशील पेशी कमी होत जातात आणि आधी उच्च कंप्रतेचे आवाज ऐकू येईनासे होतात. ‘आ’, ‘ओ’ हे स्वर टिकतात. ‘स’, ‘क’, ‘प’, ‘ट’ ही व्यंजने निसटतात. ‘साठ’, ‘पाठ’, ‘काठ’ सारखेच वाटू लागतात. म्हणून अशी माणसे ‘ऐकू येतं, पण समजत नाही’ अशी तक्रार करतात. त्यात सबवूफरचा दणका वरच्या कंप्रतेचे बोलणे झाकून टाकतो. आवाज वाढवला की दणकाही वाढतो, पण व्यंजने काही उमटत नाहीत. शिवाय अशा कानाला मोठा आवाज लवकर असह्य होतो. आधी ‘वाढव’ आणि लगेच ‘किती मोठा केलास!’ हा हेकटपणा नव्हे, तो कानाचा आजार आहे.

घरच्या घरी काय कराल?

‘विंडोज’मध्ये कंट्रोल पॅनेलमधील ‘साउंड’ उघडा. ‘प्लेबॅक’खाली आपले साधन निवडा आणि ‘कॉन्फिगर’ दाबा. घरात प्रत्यक्षात जेवढे स्पीकर आहेत, तोच पर्याय निवडा. दोनच असतील तर ‘स्टिरिओ’. तसे केले की मधल्या चॅनेलचा संवाद दोन्ही स्पीकरमध्ये वाटला जातो. मग ‘टेस्ट’ दाबा. प्रत्येक स्पीकर पाळीपाळीने वाजला पाहिजे. ‘मॅक’ संगणकावर हीच सोय ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये असते.

केबलही तपासा. एचडीएमआय केबलमधून सर्व चॅनेल जातात. ऑप्टिकल केबलमधून संगणकाचा साधा आवाज फक्त दोन चॅनेलचा जातो. सहा हवे असतील तर चित्रपटातील डॉल्बी किंवा डीटीएस आवाज जसाच्या तसा पुढे पाठवण्याचा पर्याय प्लेअरमध्ये निवडावा लागतो. ब्लूटूथवर बहुधा दोनच चॅनेल मिळतात. तीन पिनांची जुनी जोडणी असेल तर हिरवी पिन समोरच्या स्पीकरची, काळी मागच्यांची आणि नारिंगी मधल्या स्पीकर व सबवूफरची. नारिंगी पिन सैल असली तरी संवाद गायब होतो.

एवढे झाल्यावर रिसीव्हरमध्ये मधला स्पीकर थोडा वाढवा आणि सबवूफर कमी करा. ‘नाइट मोड’ असेल तर तो लावा. त्याने मोठे आणि लहान आवाज एकमेकांच्या जवळ येतात. मधला स्पीकर शोकेसच्या काचेआड ठेवू नका, त्याचे तोंड कानाकडे हवे. उघड्या फरशीवर आणि भिंतींवर आवाज घुमतो; जाड पडदा, सतरंजी यांनी फरक पडतो. ओठांची हालचाल आणि आवाज यांत अंतर असेल तर तेही दुरुस्त करा. कमी ऐकू येणारी माणसे नकळत ओठ वाचत असतात. एका कानाने अजिबात ऐकू न येणाऱ्याला दिशेचा फायदा मिळत नाही. तो एकटा हेडफोन लावून ऐकणार असेल तर ‘मोनो’ पर्याय उत्तम.

मर्यादा किती?

जागतिक आरोग्य संघटनेने हेडफोनसारख्या साधनांसाठी प्रौढांना आठवड्याला ८० डेसिबल आवाज ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे. मुलांसाठी ७५ डेसिबल. दर ३ डेसिबल वाढीला ही वेळ निम्मी होते. म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम ४ तास! आवाज स्पीकरमधून आला म्हणून कानाला सवलत मिळत नाही. मोबाइलवरील ध्वनिमापक अ‍ॅप अंदाजापुरते वापरता येईल. साधी खूण अशी : हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज जास्त आहे. चित्रपटानंतर कानात गुणगुण राहिली, तर कानाने इशारा दिला असे समजा.

सगळे नीट जोडूनही संवाद कळत नसतील, फोनवर किंवा चारचौघांत बोलणे निसटत असेल, तर मात्र तपासणी करून घ्या. कधी नुसता मळ असतो, तो डॉक्टर काढतात. कानात काडी किंवा गरम तेल घालू नका. ऑडिओमेट्री या तपासणीत सुई नाही, वेदना नाही. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभागात ती होते. गरज असेल तर श्रवणयंत्र वेळेवर लावावे. उशीर केला तर त्याची सवय व्हायला जास्त कष्ट पडतात.

एक गोष्ट मात्र थांबण्यासारखी नाही. एका कानाने ऐकू येणे अचानक, एक-दोन दिवसांत कमी झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. अशा वेळी उपचाराला जितका उशीर, तितकी ऐकणे परत येण्याची शक्यता कमी.

घरातल्या ज्येष्ठाने ‘आवाज वाढव’ म्हटले की चिडू नका. आधी ‘टेस्ट’ दाबून सगळे स्पीकर वाजतात का ते ऐका. ते वाजत असतील, तर कानाच्या तपासणीसाठी दिवस ठरवा आणि त्या दिवशी त्यांच्याबरोबर जा.